माहेरची लोहार, सासरची शिरवंडकर

आबांनी आमच्या बॅगांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहिलं, ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आबा म्हणजे माझे सासरे. मुंबईला न्यायची जीप दारात उभी होती, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, आणि आबा अंगणात उकिडवे बसून बारीक ब्रशनं एकेक अक्षर काढत होते. एका बॅगेवर इंग्रजीत, श्रीनिवासनं कागदावर लिहून दिलेलं बघून बघून. दुसरीवर मराठीत. शिरवंडकर.

"आबा, तिकडं मराठी कोण वाचणार?" श्रीनिवास म्हणाला.

"हरवली तर आपल्या माणसाला तरी कळंल, कुणाची हाय ती," आबा मान वर न करता म्हणाले.

सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर दही घातलं. माझे वडील, अण्णा, निरोप द्यायला आले होते. ते कुंपणाशीच उभे राहिले. आबांनी "व्याही, आत या की," असं दोनदा म्हटल्यावर कुठे अंगणात आले. मी पाया पडले तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "पोचलीस की कळव." जीप निघाली तेव्हा पेंट अजून ओला होता. सातारा मागे पडल्यावर बघितलं, तर माझ्या साडीच्या काठाला पांढरा डाग लागलेला.

तुम्ही तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे अमेरिकेत आलेले, दोघांनाही हे सांगावंसं वाटतं. आपण सामान काय काय आणलं ते आपल्या लक्षात असतं. नाव घेऊन आलो, हे मात्र विसरायला होतं.

शिरवंडकर हे नाव जुनं नव्हतं. लग्न होऊन मी घरात आले त्या आठवड्यातच आबांनी मला ते सांगितलं. ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. "आमी शिरवंडात होतो तवा कदम होतो. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आमाला ट्रकात घालून ह्या माळावर आणून सोडलं. हितली माणसं म्हणाय लागली, ते शिरवंडकर आले. शाळंत मास्तरनं तेच नाव घातलं. पोरी, गावात ऱ्हाऊन कोण गावाचं नाव लावतंय? गाव सुटल्यावरच ते चिकटतं."

सांगलीकडच्या त्या कोरड्या माळावर आबांनी उभी हयात काढली. पाऊस असा पडायचाच नाही. पण शिरवंडातल्या पावसाबद्दल त्यांनी कधी चार वाक्यं सलग सांगितली नाहीत. नाव तेवढं पुरं घ्यायचे. कुणी "कर" म्हणून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत.

माझं माहेरचं आडनाव लोहार. आणि आम्ही होतोही लोहारच. मिरजेजवळच्या गावात अण्णांची भट्टी होती. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. लहानपणी मी भाता ओढलेला आहे, ठिणग्यांनी फ्रॉकला भोकं पाडून घेतलेली आहेत. भट्टीची मला कधी लाज वाटली नाही. पण कॉलेजात गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. "आडनाव काय?" असं कुणी विचारलं आणि मी ते सांगितलं, की समोरच्याचं बोलणं क्षणभर थांबायचं. वाईट कुणी बोलायचं नाही. फक्त पुढचा प्रश्न यायचा राहायचा.

श्रीनिवासचा पुढचा प्रश्न आला, म्हणूनच तो माझ्या लक्षात राहिला. "मग तुला विळ्याला धार लावता येते?"

लग्नाला आबांच्या भावकीनं नाकं मुरडली. आबा त्यांना म्हणाले, "गावच ऱ्हायलं न्हाई, आता गावकी कसली धरून बसलाय?" आणि स्वतः एकटे अण्णांच्या भट्टीवर गेले, समोरच्या लाकडी ओंडक्यावर बसून चहा प्यायले आणि मला मागणी घातली.

मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात आलो तेव्हा जानेवारी होता. बर्फ, लवकर पडणारी संध्याकाळ, आणि बस स्टॉपवर पाय आपटत उभी असलेली विद्यार्थी मुलं. श्रीनिवास एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये लागला. ऑफिसात तो पहिल्याच दिवशी "श्री" झाला. आडनावाचं काही होऊ शकलं नाही. डॉक्टरकडे, बँकेत, कुठेही बसलो असलो, की कुणीतरी कागद घेऊन बाहेर यायचं, तोंड उघडायचं आणि थांबायचं. ते थांबणं म्हणजेच आमचं नाव. आम्ही पुढच्याची वाट न बघता उठून उभे राहायचो. फोनवर श्रीनिवासचं ठरलेलं असायचं, एस ॲज इन सॅम, एच ॲज इन हेन्री... मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. मला ते शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

वर्क परमिट मिळाल्यावर मला एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कवर नोकरी लागली. आता दिवसभर इतरांची नावं पुकारायचं काम माझ्याकडे. कूपर. फ्लेचर. सलिव्हन. मर्फी. घरी आले की श्रीनिवास विचारायचा, "आज कोण कोण आलं?" मी सांगायचे आणि तो अर्थ शोधून काढायचा. हा आमचा खेळच होऊन बसला. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा. वॉकर म्हणजे चालणारा असेल असं मला वाटलं होतं, पण नाही, तो लोकरीचं कापड पाण्यात घालून पायांनी तुडवणारा. टेलर तर आपला शिंपीच. नावाच्या शेवटी "टन" असेल तर ती कुणाची तरी वाडी. ॲशली म्हणजे ॲशच्या झाडांमधली मोकळी जागा. "म्हणजे आपली जांभुळवाडी," श्रीनिवास म्हणाला, आणि ॲशली नावाची आमची दात साफ करणारी हायजिनिस्ट घरापुरती कायमची जांभुळवाडीकर झाली.

आयरिश नावं त्याला जास्त आवडायची. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू. इंग्रजांचं राज्य आल्यावर कित्येक घरांनी ते ओ आणि मॅक टाकून दिले, पुढे कुणी परत लावले, कुणी नाही. सलिव्हन म्हणजे बहुतेक काळ्या डोळ्यांचा. मर्फी म्हणजे दर्यावर लढणारा. आमचे मर्फी इंजेक्शन बघितलं की खुर्चीचा हात सोडत नसत. ते सांगितल्यावर श्रीनिवास इतका हसला, की त्याला जेवण सोडून उठावं लागलं.

स्मिथ मात्र रोज यायचे. एकाच सकाळी तीन तीन. पहिल्यांदा मी "स्मिथ" अशी हाक मारली तेव्हा माझा आवाज उगीचच खाली आला होता. कोटटाय घातलेला एक माणूस उठला, हसला आणि आत गेला. कुणी वर बघितलं नाही. त्याच्या नावातला घणाचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता, त्याला स्वतःलासुद्धा नाही. म्हणजे असंही होऊ शकतं, मला वाटलं. आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला एका बाईंनी मला विचारलं, "माहेरच्या कुठल्या तुम्ही?" मी "लोहार" म्हटलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "वड्या छान झाल्यात हं."

मृणाल इथेच जन्मली. शाळेत तिच्या नावाचे तुकडे व्हायचे, ती घरी येऊन सांगायची, आम्ही हसण्यावारी न्यायचो. आम्हाला ते गमतीचं वाटायचं, कारण आमच्यासाठी ते नाव आधीच पक्कं झालेलं होतं. तिच्यासाठी रोज नव्यानं होत होतं. मोठी होऊन ती फिजिकल थेरपिस्ट झाली आणि एक दिवस ब्रेंडनला घेऊन घरी आली. शाळेत गणित शिकवणारा, लाजरा मुलगा. ब्रेंडन वॉल्श. श्रीनिवासनं त्याला साहजिकच विचारलं, "नावाचा अर्थ काय?" ब्रेंडननं खांदे उडवले. "माहीत नाही. नुसतं नाव आहे."

त्यांचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरत होतं. मग श्रीनिवासचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. लग्न अलीकडे ओढलं.

लग्नाआधी काही दिवस, दुपारची गोष्ट. श्रीनिवास खिडकीजवळच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसला होता. मृणाल त्याच्या पायाशी बसली.

"बाबा, आय हॅव टु टेल यू समथिंग. मी नेम चेंज करणार आहे. मी वॉल्श होणार."

श्रीनिवासनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "अगं, इथं तर मुली आपलंच नाव ठेवतात की हल्ली."

"आय नो, आई. बट आय ॲम टायर्ड. लहानपणापासून मी ते स्पेल करतेय. एव्हरी सिंगल डे. मला एकदा तरी असं नाव हवंय, जे लोक ऐकतील आणि पुढे जातील." ती रडत नव्हती. खूप दिवस आधीच रडून झालेलं असावं.

श्रीनिवासनं फोन मागितला, चष्मा मागितला. वाचायला त्याला वेळ लागला. मग तो हसायला लागला. आम्हाला वाटलं, औषधाचा परिणाम.

"वॉल्श म्हणजे काय माहितीये? वेल्सहून आयर्लंडला आलेल्यांना तिथले लोक वॉल्श म्हणायचे. वेल्सवाले. आणि वेल्श ह्या शब्दाचा जुन्या इंग्रजीत अर्थ काय? परका. वेल्सचे लोक मूळचे तिथलेच, बरं का. इंग्रज मागाहून आले, आणि त्यांनी मूळच्यांनाच परकं ठरवलं." त्याला धाप लागली. "आबांना धरणानं हाकललं, आपण इतक्या लांब आलो, आणि पोरीनं शोधून शोधून नाव घेतलं, तेही परक्याचंच!"

हसता हसता खोकला लागला. मी पाणी दिलं. मृणाल आता रडत होती. "सॉरी, बाबा."

"सॉरी कशाला? घे की. पण अर्थ माहीत ठेवून घे. आणि आपल्या नावाचाही."

तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यानं तिला शिरवंडची गोष्ट सांगितली, आबांच्या शब्दांत, आबांच्या आवाजात. तिला निम्मीच समजली असेल. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "वंदना, आबांपासून सुरू झालं आणि माझ्यापाशी संपलं. दोनच माणसांचं आडनाव." श्रीनिवास एकुलता एक, आणि भावकीनं पुढेही कदमच लावलं होतं.

"आणि मी कोण?" मी म्हटलं.

"तू आहेस तोवर आहेच की," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

लग्न आमच्या दिवाणखान्यातच झालं. अंतरपाट मृणालच्या दोन मैत्रिणींनी धरला. तिथे मला ब्रेंडनची आजी भेटली. नोरा. आयर्लंडमधल्या कॅव्हन भागातून तरुणपणी डेट्रॉइटला आलेली, बारीक, ताठ म्हातारी. जेवताना ती माझ्याशेजारी बसली आणि तिनं विचारलं, "अँड हू वेअर यू, बिफोर यू मॅरीड?"

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं इथे काढली, पण माहेरच्या कुठल्या, हे मला इंग्रजीत कुणी विचारलं नव्हतं.

"लोहार," मी म्हटलं. "म्हणजे स्मिथ. वडील खरंच लोहार होते." आणि सवयीनं थांबले. ती थांबली नाही.

"मी मॅकगोवन," ती म्हणाली. "लोहाराचा मुलगा असाच अर्थ आहे त्याचा. माझे वडीलही लोहारच. आमच्याकडच्या किती मॅकगोवनांनी नाव बदलून सरळ स्मिथ करून टाकलं. माझ्या वडिलांनी नाही केलं." मग तिनं माझा हात उलटा करून तळवा बघितला, आणि स्वतःचा शेजारी ठेवला. दूरच्या खुर्चीतून श्रीनिवास आमच्याकडे बघत होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, नंतर सांगते.

सांगितलंही. त्याला फार आनंद झाला. आमच्या खेळातलं ते शेवटचं नाव.

बर्फ वितळायच्या आत तो गेला.

अस्थी शिरवंडाला न्यायच्या, एवढंच त्यानं मागितलं होतं. मी आणि मृणाल गेलो. माहेरच्या गावाहून माझा भाऊ आला. आबा आणि अण्णा दोघेही केव्हाच गेलेले. धरणाच्या पाण्यात एका माणसानं आम्हाला होडीतून नेलं. बऱ्याच आत गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं.

"हितंच कुटंतरी," तो म्हणाला.

"नक्की?" भावानं विचारलं.

"नक्की नाय सांगता येणार. म्हातारी माणसं हात करून दाखवायची. ती बी गेली आता."

सगळीकडे सारखंच पाणी होतं. हिरवट, शांत. खाली घरं असतील, वाटा असतील, किंवा नुसता गाळ असेल. मृणालनं विचारलं, "आई, इज धिस इट?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं बाबांना दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं आणि हात पाण्यातच ठेवून बसली. होडीवाल्यानं घाई केली नाही.

मृणाल परत गेली, मी दीड महिना भावाकडे राहिले. "ताई, आता हितंच ऱ्हा," तो रोज म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. अण्णांच्या भट्टीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. भावाच्या सुनेनं मला कशाला हात लावू दिला नाही. सगळे प्रेमानं वागत होते, पाहुण्याशी वागतात तसं. एका बारशाला गेलो, तिथे कुणीतरी माझी ओळख करून दिली, "ह्या अमेरिकेच्या काकू." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी तिथेच बसले होते, माझ्याच गावात, माझ्याच भाषेत बोलत, आणि मला नाव लागलं होतं ते जिथून आले त्या जागेचं. आबा म्हणाले होते ते किती खरं, ते त्या दिवशी कळलं. त्यांना सांगायला हवं होतं.

मी ॲन आर्बरला परत आले. का आले, हे भावाला नीट सांगता आलं नाही. मृणाल आहे हे खरं, पण ती तिच्या संसारात. घरात श्रीनिवासची खुर्ची आहे, पण खुर्चीसाठी कुणी जगाच्या टोकाला येतं का? इथे मी परकी आहे, पण ते मला पाठ आहे. तिथे परकी होणं नवीन होतं, आणि ते शिकायचं वय राहिलं नव्हतं.

आठवड्यातून एकदा मी बसनं नोराला भेटायला जाते. ती आता वृद्धांच्या एका केअर होममध्ये असते. तिची स्मृती जात चालली आहे. ब्रेंडनला ती ओळखत नाही, मुलाला ओळखत नाही. गेल्या वेळी गेले तेव्हा ती हॉलमधल्या सोफ्यावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिथल्या मुलीनं हाक मारली, "मिसेस वॉल्श, तुमच्याकडे पाहुण्या आल्यात." नोरानं मान वळवली नाही. मुलगी मला हळूच म्हणाली, हल्ली कितीही हाका मारा, त्या ओच देत नाहीत.

मी तिच्यासमोर गेले आणि म्हटलं, "मिस मॅकगोवन?"

तिनं पटकन वर बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते. मला ती ओळखत नव्हती. माझा कोट, माझी टिकली, सगळं तिनं नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तू कुणाची?"

हूज गर्ल आर यू, असं ते इंग्रजीत होतं. मी काय सांगणार? श्रीनिवासची म्हणावं तर तो नाही. मृणालची आई म्हणावं तर मृणाल कोण, हे तिला ठाऊक नाही. अमेरिकेच्या काकू इथे चालणार नव्हत्या.

"लोहाराची," मी म्हटलं. "द स्मिथ्स डॉटर."

ती विचारात पडली. "लोहार तर इथं एकच आहे," ती म्हणाली. "माझे बाबा." मग कपाळावरची आठी गेली आणि ती सोफ्यावर जरा बाजूला सरकली. "म्हणजे तू आमच्यातलीच. मग उभी का? बस की. आई येईलच एवढ्यात."

मी कोट काढला आणि तिच्याजवळ बसले. रस्ता ओला होता का, तिनं विचारलं. होता म्हटलं. गाई आत घेतल्या का, विचारलं. घेतल्या म्हटलं. परतीची बस समोरच्या स्टॉपवर आली, थांबली, निघून गेली. नोरानं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि आम्ही दोघी तिच्या आईची वाट बघत बसून राहिलो.